तेलाची तेजी बातमीत दिसली की आधी कुठले आकडे पाहावेत

तेलाचा भाव चढला की पुण्यात सहकारनगरातल्या आमच्या गल्लीत दोन प्रकारची माणसं माझ्याकडे येतात. निवृत्तीचे पैसे तेलकंपनीत घालू का, असं विचारणारी, आणि मुलाला किंवा मुलीला तेलकंपनीची ऑफर आलेली. मी नोकरीभर ड्रिलिंग साइटवर भूशास्त्रज्ञ होते, कधी समुद्रात, कधी वाळवंटात. दोघांनाही मी तेच सांगते. किती विहिरी खोदल्या हे कंपनी स्वतःहून सांगते. त्या विहिरीतून दुसऱ्या वर्षी किती निघतं आणि ते काढायला किती कर्ज घेतलंय, हे मात्र आपणच शोधायचं.

बातमी कुठल्या टप्प्याची आहे ते आधी ठरवा

खोदताना खडकाचा भुगा मडबरोबर, म्हणजे विहिरीत फिरवलेल्या चिखलासारख्या द्रवाबरोबर, वर येतो आणि शेकरच्या, म्हणजे हलत्या चाळणीच्या, जाळीवर पडतो. तो धुवायचा, ट्रेमध्ये पसरायचा आणि काळ्या पेटीत अतिनील दिव्याखाली धरायचा. तेल असेल तर कण सोनेरी, पिवळे किंवा निळसर पांढरे चमकतात. ते पाहून अनुभवी माणसाचाही श्वास अडकतो. पण कॅल्साइट हे खनिजही चमकतं आणि पाइपच्या सांध्यांना लावलेलं ग्रीसही चमकतं. मग कणावर सॉल्व्हंटचा थेंब सोडायचा. तेल असेल तर त्यातून दुधाळ धार पसरते, कॅल्साइट ढिम्म राहतं. ग्रीस विरघळतं, म्हणून त्याचा नमुना शेजारी ठेवून रंग ताडून पाहायचा. एवढं सगळं झाल्यावर आम्ही रिपोर्टात फक्त ‘शो’, म्हणजे तेलाचा मागमूस दिसला, असं लिहायचो.

त्यापुढे लॉग (विहिरीत उपकरणं सोडून घेतलेली मोजमापं), कोअर (खडकाचा सलग नमुना), फ्लो टेस्ट (विहीर वाहती करून पाहणं), आजूबाजूला आणखी विहिरी, आणि मग कुठे साठ्याचा हिशेब. त्या हिशेबातही ‘प्रूव्हड’ (जवळपास खात्रीचा) साठा वेगळा, ‘प्रॉबेबल’ (बहुधा निघेल असा) वेगळा आणि ‘रिसोर्स’ (परवडेल असा निघेल की नाही हे अजून ठरलेलं नाही असा) तर फारच लांबचा. बातमीत ‘इतके अब्ज बॅरल’ असं दिसलं की यातला कुठला शब्द वापरलाय ते पाहा. शब्दच नसेल तर तो आकडा पैसे घालण्याइतका पक्का नाही.

सापडण्यापासून निघण्यापर्यंतचा काळही मोजा. बॉम्बे हाय 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात खोदणाऱ्या यंत्रणेने खोदलेल्या विहिरीतून सापडलं आणि 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं. इतका वेग विरळाच. राजस्थानातल्या बाडमेरचं मंगला क्षेत्र केर्न कंपनीला 2004 मध्ये मिळालं, तेल 2009 मध्ये निघालं. ते इतकं मेणचट आहे की गुजरातपर्यंतची पाइपलाइन तापती ठेवावी लागते. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात एक्सॉनमोबिल कंपनीला 2015 मध्ये लिझा क्षेत्र मिळालं आणि पहिलं तेल 2019 च्या डिसेंबरात आलं. चार-पाच वर्षं धरूनच चाला.

आणि उत्पादन सुरू झालं म्हणजे सगळं झालं, असंही नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या रिलायन्सच्या डी-6 मधून 2009 च्या एप्रिलमध्ये वायू येऊ लागला. आराखडा रोज 8 कोटी घनमीटरचा होता. 2010 मध्ये उत्पादन 6 कोटींच्या आसपास पोहोचलं आणि मग घसरतच गेलं. विहिरींत पाणी आणि वाळू शिरली, साठ्याचा अंदाज खाली आणावा लागला. त्या वायूच्या भरवशावर उभी राहिलेली वीजकेंद्रं इंधनाविना बसून राहिली, हे मला आजही लागतं. तिथली पहिली दोन क्षेत्रं 2020 च्या फेब्रुवारीत बंद झाली.

पहिल्या दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका

नव्या विहिरीचं ‘इतके हजार बॅरल प्रतिदिन’ बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांचं असतं. चोक, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणारी झडप, जितकी उघडाल तितका आकडा मोठा दिसतो. म्हणून 30 दिवसांची सरासरी शोधा, 90 दिवसांची मिळाली तर उत्तम.

शेल नावाच्या घट्ट, थरांच्या खडकातल्या विहिरींत तर हे फारच महत्त्वाचं. खडक इतका घट्ट असतो की आडवी विहीर दोन-तीन किलोमीटर नेऊन पाणी आणि वाळू दाबाने घालून त्याला भेगा पाडाव्या लागतात. भेगांजवळचं तेल झपाट्याने येतं आणि मग ओघ आटतो, सोड्याची बाटली उघडल्यासारखं. पहिल्याच वर्षात उत्पादन साठ-सत्तर टक्के घटणं तिथे नेहमीचं. म्हणजे कंपनीला नुसतं जागच्या जागी राहायलाही सतत नव्या विहिरी खोदाव्या लागतात आणि त्याला सतत पैसा लागतो.

अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातला बाकेन हा शेलचा पट्टा पाहा. 2008 मध्ये त्या राज्याचं उत्पादन दिवसाला दोन लाख बॅरलच्या आत होतं, 2014 संपताना 12 लाख. विलिस्टन गावात राहायला घरं उरली नाहीत, कामगारांच्या छावण्या उभ्या राहिल्या. 2014 च्या जूनमध्ये ब्रेंट, म्हणजे जगात भाव ठरवायला वापरलं जाणारं तेल, बॅरलला 115 डॉलरच्या आसपास होतं, 2016 च्या जानेवारीत ते तिशीच्या खाली गेलं. अमेरिकेत तेलासाठी खोदणाऱ्या रिग, म्हणजे खोदकामाच्या यंत्रणा, 1,609 वरून 316 वर आल्या. बाकेनमधली मोठी कंपनी व्हायटिंग पेट्रोलियम 2020 च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली. तेल जमिनीत होतंच. कर्ज फेडायला पुरेल असा भाव तेवढा नव्हता.

रिगचा आकडा बेकर ह्यूजेस ही कंपनी दर आठवड्याला, बहुधा शुक्रवारी, जाहीर करते. तो जरूर पाहा, पण रिग कमी झाल्या म्हणजे तेल त्याच प्रमाणात घटेल असं समजू नका. आज एक रिग पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लांबीची विहीर खोदते.

मग कर्ज

माझ्या भाच्याने विचारलं, “मावशी, मोठी कंपनी दुसरीला विकत घेतेय म्हणजे चांगलंच ना?” मी त्याला ऑक्सिडेंटल या अमेरिकी तेलकंपनीचं उदाहरण दिलं. 2019 मध्ये तिने अॅनाडार्को ही तेलकंपनी घेतली, त्यासाठी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेकडून 10 अब्ज डॉलर उभे केले, वर कर्जही मोठं. काही महिन्यांत भाव कोसळला. 20 एप्रिल 2020 ला तर अमेरिकी तेलाचा वायदा शून्याखाली 37.63 डॉलरवर बंद झाला. ऑक्सिडेंटलचा तिमाही लाभांश 79 सेंटवरून आधी 11 वर आणि मग एका सेंटवर आला. उलट एक्सॉनमोबिलने 2024 मध्ये पायोनियर ही तेलकंपनी घेतली ती स्वतःचे शेअर देऊन. म्हणून खरेदीची बातमी आली की पैसे रोख दिले, उसने आणले की शेअर दिले, हे पहिलं पाहा. मग वार्षिक अहवालात तीन गोष्टी शोधा: कुठल्या भावाला नवी विहीर परवडते, पुढच्या वर्षाचं किती तेल आधीच ठरलेल्या भावाला विकून ठेवलंय, आणि वर्षभरात काढलं त्याच्या तुलनेत नवा प्रूव्हड साठा किती जोडला.

‘बीओई’ (बॅरल्स ऑफ ऑइल इक्विव्हॅलंट) अशी एककं दिसली तर थांबा. त्यात वायूही तेलाच्या बॅरलमध्ये मोजलेला असतो, सुमारे 6,000 घनफूट म्हणजे एक बॅरल. ही बरोबरी उष्णतेची आहे. अमेरिकेत तेवढ्या वायूचे पैसे तेलाच्या मानाने फारच कमी येतात. तेल किती आणि वायू किती, हे वेगळं काढा.

आपल्याकडचे आकडे टनांत येतात. वर्षाला 10 लाख टन म्हणजे साधारण दिवसाला 20,000 बॅरल, एवढं लक्षात ठेवलं की तुलना जमते. आणि भाव चढला की ओएनजीसीचा नफा तितकाच चढेल हे गृहीत धरू नका. 1 जुलै 2022 ला सरकारने देशातल्या कच्च्या तेलावर टनामागे 23,250 रुपयांचा जादा कर लावला. पुढे तो कमी-जास्त होत राहिला आणि 2024 च्या डिसेंबरात रद्द झाला.

(पुण्याखाली तेल आहे का, हेही लोक विचारतात. आपण बेसाल्टवर बसलोय. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल विहीर खोदली, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्टनंतर थेट ग्रॅनाइटसारखा कठीण पाया लागला. तेल जिथे तयार होतं तो गाळाचा खडक मध्ये नव्हताच.)

नोकरीची ऑफर असेल तर

पुण्यात हॅलिबर्टन आणि एसएलबी (पूर्वीची श्लंबर्जर) या सेवा कंपन्यांची आणि बीपी या तेलकंपनीची कार्यालयं आहेत, म्हणजे रिग न पाहताही या धंद्यात काम मिळतं. पण भाव पडला की पहिली कुऱ्हाड सेवा कंपन्यांवर, म्हणजे तेलकंपन्यांसाठी विहिरींची कामं करणाऱ्यांवर, येते. 2015-16 मध्ये या कंपन्यांनी जगभर हजारो माणसं कमी केली. म्हणून काम सॉफ्टवेअर आणि डेटाचं आहे की थेट विहिरीशी बांधलेलं, ते मुलाखतीतच विचारा. विहिरीवरचं असेल आणि पत्रात ‘रोटेशन’ लिहिलं असेल, तर किती दिवस काम आणि किती सुट्टी, सुट्टीच्या दिवसांचा पगार आहे का, आणि रिगच बंद राहिली तर त्या काळात काय मिळणार, हे सही करण्याआधी लेखी मागून घ्या.