एकत्र राहायचं ठरलंय? इसार देण्याआधी हे ठरवा

चार-सहा कुटुंबांनी मिळून जमीन घ्यायची, घरं बांधायची, स्वयंपाकघर एकच ठेवायचं, असे बेत करणारे बहुतेक जण जमीन बघण्यापासून सुरुवात करतात. आधी मूल्यं आणि उद्दिष्टं ठरवा. एकदा पैसे अडकले की मनातलं कोणी बोलत नाही.

१. नकार गोळा करा

‘आपली मूल्यं कोणती?’ असं विचारलंत तर प्रेम, साधेपणा, निसर्ग अशी यादी पाच मिनिटांत होते आणि पुढे कोणी तिच्याकडे बघत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या: ‘कोणत्या तीन गोष्टी झाल्या तर मी इथून निघून जाईन?’ नवरा-बायकोने वेगवेगळं लिहायचं, एकमेकांचं बघून नाही. सामायिक चुलीवर मटण शिजणार का? गच्चीवर दारू चालेल का? कोणाच्या अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी रात्री पाळीने जागायचं का? मतभेद कुठे आहेत ते इथे कळतं.

२. शब्दाचा नियम करा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने नुसतं ‘पर्यावरण जपू’ म्हणून भागवलं नाही. कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं. हे पाळलं की मोडलं, ते शेजाऱ्याला दिसतं. तुमचा ‘साधेपणा’ही तसाच लिहा: ‘टाकीतलं पाणी संपलं तर टँकर मागवायचा नाही.’ लगेच दोघं-तिघं हरकत घेतील. घेऊ द्या, बैठक त्यासाठीच आहे.

३. मसुदा बाहेरच्यांना दाखवा

१९१५ साली अहमदाबादजवळ कोचरबला आश्रम काढताना गांधीजींनी नियमावलीचा मसुदा परिचितांकडे मतासाठी पाठवला. सर गुरुदास बॅनर्जींनी नम्रतेचंही व्रत घाला, असं सुचवलं. गांधीजींनी ते व्रत केलं नाही. नम्रतेचं व्रत घेतलं की ती नम्रता राहत नाही, अशी त्यांची अडचण होती.

काही महिन्यांतच दूदाभाई, दानीबहन आणि त्यांची लहानगी लक्ष्मी हे अस्पृश्य मानलं गेलेलं कुटुंब आश्रमात राहायला आलं. विहिरीवर कटकटी सुरू झाल्या, देणग्या बंद पडल्या. पैसे संपले तर दलित वस्तीत राहायला जायची गांधीजींनी तयारी केली. तेवढ्यात एक शेठ गाडीतून आले आणि १३,००० रुपये देऊन गेले. पण शेठ आले नसते तरी निर्णय बदलणार नव्हता. तुमच्या मसुद्यातल्या प्रत्येक कलमालाही विचारा: हे पाळताना पैसा गेला, नातेवाईक रुसले, तरी पाळणार का? ज्याला ‘नाही’ असं उत्तर येईल, ते कलम खोडा.

४. निर्णयाची रीत ठरवा

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. त्याआधी अभ्यासगटात विषय समजून घेतला जातो, तिथे फक्त चर्चा; निर्णय ग्रामसभेचा. हा वेगळेपणा उचलण्यासारखा आहे. मात्र नळ दुरुस्तीसाठी सर्वसहमती मागत बसलात तर नळ वाहतच राहील. जमीन, नवा सभासद, कर्ज आणि मूल्यांमधला बदल यांना सर्वसहमती, बाकीचं त्या महिन्याच्या कारभाऱ्याने निपटावं.

५. उद्दिष्टांना तारीख आणि रक्कम लावा

‘स्वावलंबी होऊ’ नको. ‘दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत भाजी विकत आणायची नाही, बियाण्याचा खर्च अमुक’ असं लिहा. एका वर्षाला तीन उद्दिष्टं पुष्कळ झाली.

६. निघण्याची वाट लिहून ठेवा

हे कलम नेहमी राहून जातं, कारण सुरुवातीलाच फारकतीचं बोलणं अपशकुनी वाटतं. निघणाऱ्याला किती पैसे, किती मुदतीत, त्याच्या घराची किंमत कोण ठरवणार, सभासद वारला तर मुलांना घर मिळणार की पैसे, हे सगळं लिहा. संस्था, ट्रस्ट की भागीदारी हे त्यावरच ठरतं, म्हणून वकिलाकडे जाताना हा कागद सोबत न्या. जमीन शेतीची असेल तर महाराष्ट्रात ती सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. सातबारा कोणाच्या नावावर निघणार, हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.