स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यावर मावशीला ‘झोपलेल्या’ पेशी कशा समजावायच्या

चहा झाल्यावरच विषय काढा. आमच्या कोथरूडच्या मावशीला रिकाम्या पोटी शास्त्र चालत नाही. केमो मुख्यतः विभाजन होत असलेल्या पेशींना मारते, हे आधी सांगा. स्तनाच्या गाठीतून निसटून अस्थिमज्जेत बसलेली पेशी विभाजनच थांबवते, म्हणून ती वाचू शकते. हीच ‘झोपलेली’, म्हणजे सुप्त पेशी.

“मग आपली प्रतिकारशक्ती काय झोपा काढते?” हे येणारच. इथे घाई नको. प्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी इतर पेशींच्या पृष्ठभागावर एमएचसी-१ या प्रथिनाने मांडलेले प्रथिनांचे तुकडे तपासतात, पेठेतल्या वाड्यात दारातच “कोण पाहिजे?” विचारावं तसं. काही सुप्त पेशी एमएचसी-१ च कमी करतात. त्यावर एनके (नॅचरल किलर) या प्रतिकारशक्तीतल्याच दुसऱ्या पेशींना संशय येतो, तर काही सुप्त पेशी एनके पेशींना दिसणाऱ्या खुणाही पुसतात. शिवाय डीकेके-१ नावाचं प्रथिन बाहेर सोडून या सुप्त पेशी स्वतःची वाढ स्वतःच दाबून ठेवतात! मला हा भाग सगळ्यात बेरकी वाटतो.

काढ्यांचा विषय शेजारच्या काकू काढतील, हसून सोडा. हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कर्करोग २० वर्षांनीही उलटू शकतो. टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि हाड सतत दुखलं तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.