भिंतीत भोक पाडण्याआधी ती कशाची आहे ते बघा

आईच्या स्वयंपाकघरात डब्यांसाठी फळी लावायची होती. घर जुनं, विटांचं. नव्या फ्लॅटच्या भिंती बहुधा हलक्या ब्लॉकच्या असतात, तिथे साधा प्लग, म्हणजे भोकात बसवून स्क्रू पकडणारी प्लास्टिकची नळी, सैल बसतो. ब्लॉकसाठीचा वेगळा प्लग मागून घ्या.

सगळ्यात आधी वायरी. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच्या आडव्या रेषेत भोक पाडूच नका, वायरचे पाइप बहुतेक तिथूनच जातात. सिंकच्या नळाच्या रेषेलाही तोच नियम. मी त्या खोलीचा एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा, वीज तोडणारा स्विच) बंद करते आणि ड्रिलला बाहेरच्या खोलीतून एक्स्टेंशन घेते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

लेव्हल (बुडबुड्याने सरळ रेषा दाखवणारी पट्टी) लावून पेन्सिलीने खुणा करा. ड्रिलसाठी 8 मिमीचा काँक्रीट बिट (भोक पाडणारी सळई) घ्या, टोकापासून प्लगच्या लांबीपेक्षा 5 मिमी जास्त अंतरावर त्याला चिकटपट्टी गुंडाळा. खुणेखाली दुमडलेला कागद चिकटवा, धूळ त्यात पडते. सुरुवात ड्रिलचा हॅमर, म्हणजे फिरताना ठोके देण्याची सोय, बंद ठेवून, हळू. टाइल असेल तर ती पार होईपर्यंत हॅमर नकोच, तडकते.

आता धुळीकडे बघा. आधी प्लास्टरची करडी भुकटी येते, साधारण 12 ते 15 मिमी. मग लाल आली की वीट लागली. करडीच राहिली आणि बिट पुढे सरकेना, तर तो कॉलम किंवा बीम आहे. जोर लावू नका, जागा बदला.

भोकातली धूळ सायकलच्या पंपाने उडवा. प्लग हातोडीच्या हलक्या ठोक्याने घट्ट बसला पाहिजे. बोटाने फिरला, तर त्या भोकावर डब्यांचं वजन टाकू नका.