मालातांग खाताना वजनकाट्यावर लक्ष ठेवा

मालातांग म्हणजे झणझणीत रश्श्यात उकळलेल्या भाज्या, मांस वगैरे. चीनमधल्या मालातांगच्या दुकानात यातलं हवं ते चिमट्यानं वाडग्यात भरायचं, काउंटरवर वजन करून द्यायचं. मग ते रश्श्यात उकळून मिळतं. पैसे वजनावर, म्हणून मका, बटाटा, कमळकाकडी बेतानं घ्या. पालेभाजी हलकी, शिवाय शिजून निम्मी होते. ती भरपूर घ्या, पण आधी निथळू द्या, नाहीतर पाण्याचेही पैसे!

तिखट किती विचारलं की पहिल्यांदा ‘वेइ ला’, म्हणजे कमी तिखट, सांगा. मालातांगमधलं ‘मा’ म्हणजे जीभ बधिर होणं. ते काम सिचुआन मिरीचं, आपल्या तिरफळाच्या सख्ख्या चुलत बहिणीचं. बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ चुकून चावलेल्यांना वेगळं सांगायला नको.

शाकाहारींनो, वाडग्यात नुसत्या भाज्या असल्या तरी रस्सा बरेचदा हाडांचा असतो. आधी विचारा.