नुसती हुकूमशाही की सर्वंकष सत्ता? तपासायची माझी वही

राज्यशास्त्र शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. दरवर्षी पहिल्या तासाला मुलं तीच यादी म्हणायची: हिटलर, स्टालिन, मुसोलिनी, मग कुठला तरी लष्करशहा, एखादा जुना सुलतान. सगळे एकाच टोपलीत. ‘सर, हुकूमशहा तो हुकूमशहा, त्यात फरक तो काय?’ फरक आहे: नुसत्या हुकूमशहाला तुम्ही गप्प बसलात तरी पुरतं, सर्वंकष सत्तेला तुमचं सगळं आयुष्यच ताब्यात हवं असतं. पण नेत्याच्या मिशीकडे बघून तो कळत नाही. म्हणून मी मुलांना एक वही करायला लावायचो. तीच रीत इथे सांगतो.

वहीत नेत्याचं चरित्र लिहायचं नाही, भाषणंही नकोत. एक देश आणि एक वर्ष धरा. नवख्याने जर्मनी, १९३३ घ्यावं, कारण तिथे सगळं तारीखवार सापडतं. ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, होतो. २७ फेब्रुवारीच्या रात्री राइखस्टागची, म्हणजे संसदेची, इमारत पेटते आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या सहीने वटहुकूम निघतो: भाषण, सभा, टपालाची गुप्तता, सगळे हक्क स्थगित. २३ मार्चला संसद ४४४ विरुद्ध ९४ मतांनी कायदे करायचा अधिकार सरकारच्या हाती देऊन मोकळी होते. ती ९४ मतं सोशल डेमोक्रॅट पक्षाची. कम्युनिस्ट खासदारांना सभागृहात पाऊलच टाकू दिलेलं नव्हतं. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात, १० मे रोजी पुस्तकांची होळी, १४ जुलैला दुसरा पक्ष काढणं हाच गुन्हा. सगळं मिळून साडेपाच महिने.

आता प्रत्येक तारखेपुढे लिहा, त्या दिवशी कुणाची सही होती. मुलं इथे चपापायची. दंडेली रस्त्यावर चाललेली असतानाच जवळपास प्रत्येक पावलाला कागदाचा आधार होता, आणि जुनी राज्यघटना तर शेवटपर्यंत रीतसर रद्द झालीच नाही.

दुसरं पान संस्थांचं. न्यायालय आणि वर्तमानपत्रं सगळेच बघतात, तुम्ही गायनमंडळ बघा, कसरतीचा क्लब बघा, बुद्धिबळाची संघटना बघा. लष्करशहाला बुद्धिबळाशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही चौकात जमू नका, घरी बसून काय हवं ते खेळा, एवढ्यावर तो खूश. सर्वंकष सत्तेला तुमचं घरी बसणंही खुपतं. जर्मनीत क्लबांच्या कार्यकारिणीत पक्षाची माणसं आली, ज्यू सभासद बाहेर काढले गेले, आणि या कामाला शब्द होता ग्लाइखशाल्टुंग. घरातले सगळे दिवे एकाच कळीवर आणायचे, असं मी समजावत असे.

इथे माझीच एक चूक सांगायला हवी. पहिली काही वर्षं मी इटलीचं उदाहरण पूर्ण सर्वंकष म्हणून शिकवत होतो. कारण शब्दच तिथला. १९२३ मध्ये फॅसिस्टांनी स्थानिक निवडणुकांत बहुमताच्याही आणि अल्पमताच्याही जागा बळकावायचा डाव मांडला, तेव्हा जोव्हान्नी आमेंदोला या उदारमतवादी पुढाऱ्याने त्याला ‘तोतालितारिओ’, म्हणजे सर्वंकष, म्हटलं. टीका म्हणून. १९२५ साली फॅसिस्टांनी त्याला बेदम मारलं, पुढच्या वर्षी तो फ्रान्समध्ये वारला, आणि त्याचा शब्द मुसोलिनी अभिमानाने मिरवू लागला. प्राध्यापकांना निष्ठेची शपथ घ्यायला लावली १९३१ मध्ये. बाराशेच्या वर प्राध्यापक होते, नाही म्हणणारे जेमतेम डझनभर. एवढं सगळं मी रंगवून सांगायचो. मग एका मुलीने विचारलं, ‘सर, मग त्याला घालवला कसा?’ मतदानाने! जुलै १९४३ मध्ये फॅसिस्ट पक्षाच्याच महामंडळाने १९ जणांच्या मतांनी रात्री उशिरा त्याच्याविरुद्ध ठराव केला, दिवस उजाडल्यावर राजाने भेटीला बोलावून बडतर्फ केलं आणि राजवाड्यातून बाहेर पडताच अटक. राजा होता, पोप होता, लष्कराची निष्ठा राजाकडे होती. दिवे बरेचसे त्याच्या कळीवर आले होते, सगळे नाही. तेव्हापासून वहीत आणखी एक रकाना आला: कळीवर काय आलं नाही?

मतदानाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवतो, कारण सगळ्यांना वाटतं हुकूमशाहीत निवडणूक नसते. असते, आणि मोठ्या थाटात असते. कम्युनिस्ट राजवटीच्या पूर्व जर्मनीतल्या मतदान केंद्रात क्षणभर उभे राहा. हातात नावांची छापील यादी मिळते. यादी मान्य असेल तर काहीच खूण करायची नाही, कागदाची घडी घालायची आणि पेटीत टाकायची. नाकारायची असेल तर एकेक नाव खोडायचं. त्यासाठी पडद्याआड जायचं. पडदा तिकडे बाजूला, सगळ्यांच्या नजरेसमोरून चालत जायला लागायचं, आणि कोण गेलं याची दखल घेतली जायची. लोक आपसांत ‘मत द्यायला’ म्हणतच नसत, ‘कागदाची घडी घालायला जातो’ म्हणत. मे १९८९ मधल्या स्थानिक निवडणुकीत सरकारने ९८.८५ टक्के होकार जाहीर केला. त्या वेळी काही नागरिक मतमोजणीला जाऊन बसले होते, त्यांनी नकार स्वतः मोजले आणि सरकारची बनवाबनवी उघडी पडली. तेव्हा आकड्यापेक्षा हे तपासा, की पडद्यापर्यंतची चार पावलं चालायला काय किंमत पडत होती. गप्प बसायची मुभा आहे का, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा प्रश्न.

दहशतीचं पान लिहिताना पोलिसांची संख्या मोजत बसू नका. १९३७ च्या सुमारास अख्ख्या जर्मनीत गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, लोक सातेक हजार होते. शेजारी, सहकारी, कधी घरचीच माणसं कागाळ्या करत, म्हणून इतके पुरत. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याकडे मात्र १९८९ मध्ये ९१ हजार पगारी माणसं होती आणि दीड-दोन लाख खबरे, देशाची लोकसंख्या दीड-पावणेदोन कोटीच्या घरात. तरी गोळ्या गेस्टापोनेच जास्त घातल्या. मोजायचं असेल तर हे मोजा: शिक्षा तुमच्या कृत्याला होते की आधीच आखलेल्या तक्त्याला? ३० जुलै १९३७ चा सोव्हिएत गुप्त पोलिसांचा ००४४७ क्रमांकाचा आदेश पाहा. प्रांतवार दोन रकाने. पहिला गोळी घालायच्यांचा, दुसरा छावणीत किंवा तुरुंगात धाडायच्यांचा. मॉस्को प्रांताला ५,००० आणि ३०,०००. नावं नाहीत, नुसते कोटे! आणि खालचे अधिकारी कोटा वाढवून मागत राहिले. आदेशावर सही करणाऱ्या पोलिसप्रमुख येझोव्हलाही १९४० मध्ये गोळी घातली गेली.

शेवटी त्या राजवटीच्या छापील गोष्टींकडे या, आणि कात्री हाताशी ठेवा. खरंच ठेवा. १९५३ मध्ये स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख राहिलेल्या बेरियाचा काटा काढल्यावर मोठ्या सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना टपालाने नवी पानं आली. सोबत सूचना: पाचव्या खंडातली २१ ते २४ ही पानं कात्रीने किंवा ब्लेडने कापावीत, आतली कड शिल्लक ठेवावी, तिच्यावर नवी पानं चिकटवावीत. बेरियाच्या जागी वर्णक्रमाने शेजारच्या बेरिंगच्या समुद्राची माहिती भरपूर वाढली होती. कुठल्याही जाड ग्रंथात एखाद्या किरकोळ विषयाला नको तेवढी जागा दिसली, तर शेजारी कोण होतं ते शोधा.

जनगणनेचंही तसंच. जानेवारी १९३७ च्या सोव्हिएत गणनेत १६ कोटी २० लाख माणसं भरली. १९३२–३३ च्या दुष्काळाने गिळलेली माणसं कुठून भरणार? शिवाय सोळा वर्षांवरच्या निम्म्याहून अधिक लोकांनी आपण आस्तिक असल्याचं लिहून दिलं. गणना रद्द झाली, अधिकाऱ्यांना अटक झाली, काहींना गोळ्या घातल्या, आणि १९३९ च्या नव्या गणनेत १७ कोटींवरचा आकडा निघाला. वहीत हा दुसरा आकडा घेणार असाल, तर शेजारी पहिला लिहा, आणि कंसात तो मोजणाऱ्यांचं काय झालं तेही.