जॉर्जियाची वाइन घेताय? या चुका टाळा

माझी पहिली जॉर्जियन बाटली मोरीत ओतायचीच बाकी होती. लेबलवर ‘रकात्सितेली’, म्हणजे पांढरं द्राक्ष, म्हणून फ्रिजमध्ये चांगली गार केली. ग्लासात पडली ती कडक कोऱ्या चहाच्या रंगाची. पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या. म्हटलं, नासलीय. ग्लास तसाच टेबलावर राहिला. अर्ध्या तासाने सहज तोंडाला लावला, तर सुक्या जर्दाळूचा आणि अक्रोडाचा वास! सगळा घोटाळा माझ्या फ्रिजचा.

पूर्वेकडच्या काखेती प्रांतात पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसकट, बियांसकट, कधी देठांसकट क्वेव्रीत ठेवतात. क्वेव्री म्हणजे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला, अंड्याच्या आकाराचा मातीचा रांजण. पाच-सहा महिन्यांत सालींचा रंग रसात उतरतो, तसं टॅनिन, म्हणजे साली-बियांतला तुरट घटकही उतरतो, आणि टॅनिन गारठ्यात जास्तच तुरट लागतं. तेव्हा ही वाइन 12 ते 14 अंशांवर प्या. तिला ‘ऑरेंज वाइन’ म्हणतात, पण संत्र्याशी काही संबंध नाही. जॉर्जियन लोक तिला अंबर म्हणतात. थोडी गढूळ दिसली किंवा तळाशी गाळ असला तरी घाबरू नका, बऱ्याचदा ती गाळलेलीच नसते. व्हिनेगरचा भपकारा आला तर मात्र खुशाल फेका.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट: जॉर्जियन म्हटलं की क्वेव्रीच, असं धरून चालणं. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला सापडलेल्या खापरांवर सुमारे 8000 वर्षांपूर्वीच्या द्राक्ष-वाइनच्या खुणा मिळाल्या, 2013 मध्ये क्वेव्रीची पद्धत युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. हे सगळं खरं. पण आज बहुतांश वाइन स्टीलच्या टाक्यांतच बनते. क्वेव्रीच हवी असेल तर तसं लेबलवर लिहिलंय का ते बघा.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते नावांत. किंदझमराउली आणि मुकुझानी, दोन्ही काखेतीतल्या, दोन्ही सापेरावी द्राक्षाच्या. पहिली सेमी-स्वीट, म्हणजे गोडसर, दुसरी ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली. कारण ही द्राक्षांची नावं नाहीत, गावा-शिवारांची आहेत. त्सिनानदाली हेही गावच. तिथली वाइन पांढरी, ड्राय. ख्वांचकाराही लाल आणि सेमी-स्वीट, पण ती पश्चिमेकडच्या राचा प्रांतातली, द्राक्षंही वेगळी. दुकानात आधी विचारा, ‘ड्राय आहे ना?’ सापेरावी ओळखायला सोपं. याचा गरसुद्धा लाल असतो, दाणा चिरडला की बोटं रंगतात. नावाचा अर्थही ‘रंग देणारं’ असाच.

शिकायचंच असेल तर थेट काखेतीच्या अंबरवर उडी मारू नका. आधी त्सिनानदाली, मग ड्राय सापेरावी. त्यानंतर पश्चिमेकडच्या इमेरेती प्रांताची क्वेव्री वाइन घ्या. तिकडे साली कमी घालतात, त्यामुळे हिरड्या शाबूत राहतात.