घर पाडण्याआधी ते वाचून घ्या: मातीच्या घराची नोंद कशी करायची

घरकुलाची यादी लागली की गावात आधी कवेलू उतरतात. दोन दिवसांत छत मोकळं होतं, तिसऱ्या दिवशी भिंती पडतात आणि आठवड्याच्या आत त्याच जागी नव्या पायव्याचं खोदकाम सुरू होतं. आमच्या घराचंही तेच होणार होतं. मंजुरी आल्यापासून पाडायला हात लावेपर्यंत आम्हाला अकरा दिवस मिळाले. त्या अकरा दिवसांत मी ते घर मोजलं, कागदावर काढलं आणि लिहून ठेवलं. मी शिवणकाम करते, माप घ्यायची हाताला सवय आहे. बाकीचं करता करता शिकले. त्यानंतर गावातली आणखी सहा घरं अशीच उतरवून घेतली. ज्यांच्या घरी यंदा घरकुल आलं आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमच्या गावाहून सेवाग्राम तासाभराच्या वाटेवर आहे. 1936 साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा बांधलेलं आदी निवास आजही उभं आहे. मातीच्या भिंती, लाकूड, बांबू आणि वर कवेलू. सामान जवळपासचंच हवं आणि खर्च 500 रुपयांच्या वर जाऊ नये, अशी त्यांची अट होती. शाळेच्या सहलीत मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि वाटलं, हे तर आमच्याच घरासारखं आहे. त्या घराचा एकेक खांब जपला जातो. आमच्या घराची मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये एक ओळ होती, कर बसवण्यापुरती. माती तीच, आणि भिंती रचणारे हातही याच भागातल्या मजुरांचे. म्हणून मला वाटतं, मजुराच्या घराची नोंद त्या घरातल्या माणसांनीच करायला हवी.

सामान फार लागत नाही. चौकटींचा कागद, पेन्सिल, तीस मीटरचा फितीचा टेप, दोरीला दगड बांधून केलेला ओळंबा, बॅटरी आणि टेपचं दुसरं टोक धरायला कोणीतरी. शिवणकामाचा कापडी टेप वापरू नका, तो ताणला जातो. मी पहिल्या दिवशी तोच वापरला आणि सगळी मापं पुन्हा घ्यावी लागली.

पण टेप बाहेर काढण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा. घर कोणत्या साली बांधलं, असं विचारू नका. साल कोणालाच आठवत नाही, आणि तुमचं मन राखायला ती काहीतरी सांगून टाकेल. विचारा, तेव्हा पोटाशी कोण होतं? कोणाच्या लग्नात सपरी, म्हणजे पुढची पडवी, काढली? बहात्तरच्या दुष्काळात ही भिंत होती का? माझी आत्या म्हणाली, "तुह्या बापाच्या जलमाले एकच खण होता व, मांगची भित कुडाची." कुडाची म्हणजे काड्या-बांबूंची, मातीने लिंपलेली. बाबांचा जन्म कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, सापडला, 1953 चा. म्हणजे पहिला खण त्याच्या आधीचा. आमचं गाव मालगुजारीचं, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराच्या मालकीचं, आणि मालगुजारी गेली 1951 साली. त्याआधी मजुराचं घर ज्या जागेवर उभं असे ती जागा मालगुजाराची धरली जाई. आजोबांनी पक्की भिंत घालायला इतकी वर्षं का लावली, ते या दोन सालांवरून मला उमगलं. उद्या उठवतील अशा जागेवर कोण माती तुडवत बसेल? कोतवाल बुकाची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षात मागता येते. जातपडताळणीसाठी लोक काढतातच, तीच नक्कल घराचा काळ ठरवायलाही कामी येते.

आता मापं. बाहेरून सुरुवात करा: अंगण, सपरी, आतली खोली, मागची सांदवाडी, म्हणजे परसू. खण मोजा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि लाकूड जितकं लांब मिळालं तितकाच खण मोठा. आमचे तीन खण सहा-सहा फुटांचे, म्हणजे घराची लांबी अठरा फूट. आतली खोली नऊ फूट रुंद, सपरी सहा फूट. खोलीचे 162 आणि सपरीचे 108 मिळून 270 चौरस फूट. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. बेरीज झाल्यावर मी कागद घेऊन बाबांकडे धावले. जुन्या घराइतकीच जागा! फरक इतकाच की नव्या घरात ती चारी बाजूंनी बंद होते. सपरी राहत नाही. म्हातारी माणसं दिवसभर जिथे बसत, येणाऱ्याला जिथे पाणी देत आणि जिथे तुरीच्या शेंगा सोलत, ती जागा जाते. मापं घेतली म्हणून आम्हाला हे वेळेवर कळलं आणि नव्या घरापुढे आम्ही टिनाची का होईना, सपरी काढून घेतली.

दोन उंच्याही घ्या: वळचणीची आणि आढ्याची. आमची वळचण जमिनीपासून पाच फूट. वाकूनच आत शिरावं लागे आणि पाहुणे त्याला नावं ठेवत. पण उतरत्या वळचणीमुळेच पावसाची झड मातीच्या भिंतीवर येत नव्हती. मागच्या बाजूला बाबांनी एकदा वळचण कापून उंच केली होती. नेमकी तीच भिंत खालून खचली.

भिंत वाचायला पावसाने कापलेला कोपरा शोधा. तिथे थर दिसतात. एका वेळी साधारण हातभर उंच थर घालत, तो वाळू देत आणि मग त्यावर पुढचा चढवत. थरांच्या मधल्या रेघा मोजल्या की किती खेपांत भिंत उभी राहिली ते कळतं. मातीचा एक ढेकूळ फोडून पाहा, आत कुटार, म्हणजे भुसा, दिसेल. शेताची काळी माती भिंतीला चालत नाही. ती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. म्हणून भिंतीला पांढरी लागते. गावठाणाच्या जागेलाच आपल्याकडे पांढरी म्हणतात, ते उगीच नाही. खात्री करायची असेल तर मूठभर माती काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. तळाशी वाळू बसते, वर गाळ, सगळ्यात वर चिकण. शेजारी काळ्या मातीची बरणी ठेवली तर फरक लहान मुलालाही दिसतो.

याच भिंतींमुळे मे महिन्याच्या दुपारी आतून हात लावला तर गारवा लागायचा. रात्री मात्र दिवसभराची ऊब त्या आत सोडत, म्हणून सगळ्यांच्या खाटा अंगणात. हेही लिहून ठेवा. कोण कुठे झोपे, हा घराच्या नकाशाचाच भाग आहे.

पोताऱ्याचे, म्हणजे भिंतीला दिलेल्या लेपाचे, थर सोडवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. दिव्याजवळची किंवा दाराजवळची दोन बोटांची जागा निवडा आणि जुन्या ब्लेडने हलक्या हाताने थर सोडवत जा. आमच्याकडे वर डिस्टेंपर, खाली निळ घातलेला चुना आणि त्याखाली छुई, म्हणजे पोतारायची पांढरी माती. मला बावीस थर सुटे करता आले. दिवाळीला एक थर, म्हणून बावीस वर्षं असा हिशेब करू नका. पातळ थर एकमेकांत मिसळतात आणि लग्नाच्या वर्षी दोनदा पोतारतात.

पूर्वेच्या भिंतीत एक दिवळी, म्हणजे दिवा ठेवायचा कोनाडा, होती. तिच्या आत काजळीखाली शेंदराचा डाग सापडला आणि त्यावर चुन्याचे थर. 14 ऑक्टोबर 1956 ला आजी-आजोबा नागपूरला दीक्षेला गेले होते. परत आल्यावर आजोबांनी देव नदीत सोडले आणि दिवळी पोतारून घेतली, हे घरात आम्ही ऐकत आलो होतो. नंतर तिथे बाबासाहेबांचा फोटो आला. ऐकलेली गोष्ट भिंतीत अशी दिसली तेव्हा मी बराच वेळ हातातलं ब्लेड खाली ठेवून बसले. त्या दिवळीचे मी चारी बाजूंनी फोटो काढले, शेजारी माप दिसेल अशी पट्टी धरून. तुमच्या घरी दिवळी असेल तर ती घाईत खरवडू नका.

मग वर बघा. काजळी कुठे दाट आहे ते नकाशावर काढा. आमच्याकडे दोन ठिकाणी दाट होती. त्यातली एक चुलीवर, दुसरी मधल्या खणात, जिथे मला आठवतं तेव्हापासून चूल नव्हतीच. आत्याच्या ‘एकच खण’ला तो पुरावा मिळाला. लाकडांवर हात फिरवा. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासायच्या हत्याराने, तासलेलं लाकूड ओबडधोबड लहरी दाखवतं, गोल आऱ्यावर कापलेल्यावर कमानीसारख्या रेघा असतात. रिकाम्या खाचा खास शोधा. आमच्या मयालीला, म्हणजे आडव्या तुळईला, तीन खाचा होत्या ज्यांत काहीच बसत नव्हतं, म्हणजे ती आधी दुसऱ्या कुठल्यातरी घरात होती. आत्या म्हणाली, मालगुजाराचा कोठा पडला तेव्हा आजोबांनी ती मजुरीच्या बदल्यात आणली.

कवेलू उतरताना पाच-सहा उलटे करून बघा. देशी कवेलू कुंभार चाकावर नळीसारखा काढून उभा दुभागतो, त्यामुळे एक टोक रुंद, एक निमुळतं. कुंभाराच्या बोटांच्या खुणा कधीकधी स्पष्ट असतात. सपाट मंगलुरी कवेलू मिळाले तर मागचा छाप उतरवून घ्या. दोन्ही प्रकार एकाच छतावर असतील तर कुठला भाग नंतर वाढवला ते कळतं. मिरगाच्या आधी दर वर्षी कवेलू कोण फेरायचं, तेही विचारा.

जमीन शेवटी. सारवणाखाली आमच्या कोपऱ्यात अडीच फुटांचा गोल खळगा निघाला. कणगीची जागा. आमच्याकडे पेव, म्हणजे धान्य साठवायचं जमिनीखालचं तळघर, नव्हतं, मळ्यातून मजुरी म्हणून आलेली ज्वारी जेवढी त्या कणगीत मावे तेवढीच साठवण. काय नाही तेही नकाशावर लिहा.

पाडायच्या आदल्या दिवशी कागदाच्या मागे घर बांधणाऱ्यांची नावं लिहा आणि कोणी काय केलं तेही. माती कोणी तुडवली, मुरूम कोणी वाहिला, जमीन कोणी सारवली. विचारलं नाही तर फक्त पुरुषांची नावं सांगितली जातात, म्हणून प्रत्येक कामासाठी वेगळं विचारा. आमच्या कागदावर अकरा नावं आहेत आणि त्यांतल्या सात बायका. कागदाच्या दोन प्रती काढल्या. एक मायच्या पेटीत आहे, दुसरी घरपट्टीच्या पावत्यांबरोबर.